टिकारामचे दोन दात आणि अनुसयाबाईची परवानगी

सत्तावन्न सालच्या जानेवारीत हिंगणीच्या अनुसयाबाईला वर्ध्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिनं स्वतःच्याच गावात कायमचं राहायचं की नाही, हे तिथले साहेब तिला चार प्रश्न विचारून ठरवणार होते.

भानगड अशी होती. बाई जन्मली हिंगणीत. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यामागं ती कराचीला गेली. गुलाबराव तिथं गोदीत मिस्त्री होते. पुढं देशाचे दोन भाग झाले, पण हातची नोकरी सोडवेना म्हणून ते तिथंच राहिले. ते वारल्यावर बाई शिलाई मशीन घेऊन माहेरी आली. सासरचं कुणी उरलं नव्हतं. हातात पासपोर्ट मात्र पाकिस्तानचा.

इथं राहायची तीन महिन्यांची मुदत वाढवत वाढवत तिनं दोन वर्षं काढली. दर महिन्याला सेलूच्या ठाण्यात हजेरी द्यावी लागे. "पाकिस्तानी कोण आहे?" असं जमादारानं विचारलं, की ही नऊवारी लुगडं सावरत उठायची आणि बाकावरच्या लोकांकडं असे काही डोळे वटारून पाहायची, की शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. गावातही ती कराचीचा पुरेपूर फायदा घेई. पोलक्याची एक बाही चुकून तोकडी झाली, की दुसरीही तेवढीच कापायची आणि 'कराची फॅशन' म्हणून खपवायची.

आता मात्र पुरावा हवा होता. जन्माची नोंद सापडेना, शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. कारकून म्हणाला, लहानपणापासून ओळखणारा एखादा वजनदार माणूस आणा, नात्यातला चालायचा नाही. तसा गावात एकच उरला होता, टिकाराम. तो पंच होता, आणि अनुसयाबाई परत आल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवायचा.

ती सरळ त्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

"टिकारामभाऊ, साक्ष पाहिजे होती."

टिकारामनं बायकोकडं, यशोदाबाईकडं पाहिलं. "तिले सांग, मी येतो. पण साहेबासमोर खरं तेच बोलीन."

"बोलजो ना," अनुसयाबाई म्हणाली. "मले कायचं भेव?"

साहेब सदाशिवराव साताऱ्याकडचे, पंधरा दिवसांपूर्वीच बदलून आलेले. समोर जाड फाईल होती.

"तुमचा अर्ज मध्यप्रदेश सरकारकडं होता," ते म्हणाले. "नोव्हेंबरपासून हा जिल्हा मुंबई राज्यात आला. म्हणून चौकशी पुन्हा."

"साहेब, मी तर घरीच बसून होती. हललं ते सरकार."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही इथल्याच, हे कशावरून?"

"तुम्ही कधी आले इथं?"

"पंधरा दिवस झाले."

"मग आपल्या दोघांत इथलं कोण, तुम्हीच सांगा."

कारकुनानं खाली मान घालून उगाच दौत सरकवली. साहेबांनी टिकारामला पुढं बोलावलं.

"ह्यांना ओळखता?"

"हाव."

"पण तीस वर्षं त्या इथं नव्हत्या. ह्या त्याच अनुसयाबाई, दुसरी कुणी नाही, हे कसं सांगता?"

टिकारामनं टेबलावर वाकून तोंड उघडलं. वरचे समोरचे दोन दात नव्हते.

"हे हिनं पाडले," तो म्हणाला. "मी दहा वर्षांचा होतो. आमच्या जांबाच्या झाडावर चढलो होतो. हिनं खालून दगड मारला."

"जांब म्हणजे?"

"पेरू, साहेब," कारकून म्हणाला.

"माह्या बापानं पंचांपुढं नेलं. हिनं तुळशीची शपथ घेतली, का दगड जिजानं मारला. जिजा हिची चुलत बहीण. तिले मार बसला अन् मी लबाड ठरलो. तवापासून हिचं तोंड मी विसरलो नाई."

अनुसयाबाई छताकडं पाहू लागली.

"बाई, हे खरं आहे?" साहेबांनी विचारलं. "नाही म्हणालात, तर तुमचा साक्षीदार खोटा ठरतो."

"अन् हो म्हटलं तर?"

"तर तुम्ही हिंगणीच्या."

अडतीस वर्षं ती शपथ तिनं निभावली होती. कराचीत गुलाबरावांनी कितीदा खोदून विचारलं, त्यांनाही तिनं जिजाचंच नाव सांगितलं होतं. तिनं पदर खोचला, सोडला, परत खोचला.

"मारला," ती म्हणाली. "पण नेम जांबावर होता."

"नेम माह्यावरच होता," टिकाराम म्हणाला.

साहेबांनी गंभीरपणे कारकुनाला सांगितलं, "लिहा. अर्जदार दगड मारल्याचे मान्य करते. नेमाबाबत उभयतांत मतभेद आहेत."

बाईनं खाली अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर टिकाराम पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "अडतीस वर्षं लागली तुले."

"मले वाटलं, तू विसरला असशीन."

"कसा विसरू? रोज भाकर खातो मी."

तिला हसू आवरेना. मग तोही हसला, तेव्हा ती फट चांगलीच दिसली, आणि बाईनं चटकन मान वळवली.

परतीच्या मोटारीत टिकारामनं ही हकीकत प्रत्येक उतारूला सांगितली. आठ दिवसांत ती आष्टीला जिजाच्या कानावर गेली. जिजानं निरोप धाडला, "बाजाराच्या दिवशी ये अन् चार लोकांत सांग." अनुसयाबाई गेली. भर बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहून तिनं सांगितलं, आणि मानही खाली घातली नाही. जिजानं तिला जेवायला नेलं आणि जेवताना सबंध वेळ ऐकवत राहिली.

परवानगीचा कागद वैशाखात आला. पोस्टमननं ओसरीवर बसून वाचून दाखवला. तिनं तो तीनदा वाचायला लावला, मग त्याला ताक दिलं. तो गेल्यावर ती तिथंच बसून राहिली. मशीनवर बसली नाही, चूल पेटवली नाही. ऊन उतरल्यावर यशोदाबाई येऊन म्हणाली, "अशी काऊन बसून राह्यली? कुठं जायचं आहे का?"

"नाई व," अनुसयाबाई म्हणाली. "कुठंच नाई."