लडाखच्या नाल्यातला माझा दुसरा बाप्तिस्मा

लेफ्टनंट असताना एका रविवारी सकाळी ०७१० वाजता मी लडाखच्या एका नाल्यात स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करून घेतला. महिना ऑक्टोबर. कडेला बर्फ धरलेला. पाणी गुडघ्याएवढं, म्हणून आडवं पडावं लागलं. चर्चचे पाळक नव्हते, तेव्हा पाळकही मीच आणि उमेदवारही मीच. नवापूरला माझ्या घरी नातवंडं हे ऐकून लोळतात. लोळू देत. ती चोवीस वर्षांची शहाणी मला आज भेटली, तर आधी टॉवेल देईन आणि मग रपाटा.

कारण सांगते. पहिला बाप्तिस्मा सोळाव्या वर्षी रंगावली नदीत झाला. पाळकांनी मला मागे झुकवलं, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला; सगळं अंग बुडायला हवं, पण माझी डावी टाच पाण्याच्या वर राहिली. काठावर सगळं गाव गाणी म्हणत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. एका आतेबहिणीचं होतं. घरी जाताना ती कानात म्हणाली, "तुझी टाच अजून पापीच आहे गं." ती दुसऱ्या दिवशी विसरली. मी आठ वर्षं विसरले नाही.

पुढे मिलिटरी नर्सिंगमध्ये कमिशन मिळालं आणि लडाखच्या हॉस्पिटलात पोस्टिंग झालं. सर्जिकल वॉर्ड. ०७३० ला ड्यूटी हँडओव्हर, ०९०० ला राऊंड, मग ड्रेसिंग, इंजेक्शनं, खोली तापवणाऱ्या बुखारीत केरोसीन आहे की नाही ते बघणं. गंभीर पेशंटच्या उशाशी मी आमच्या मावची बोलीत हळूच प्रार्थना करायची. पेशंट बरा झाला की वाटायचं, वर आपलं बरंच वजन आहे. सर्जनचंही थोडंफार असेल, हे सुचायचं नाही.

त्या आठवड्यात गुरुवारी १३४० वाजता हेलिकॉप्टर उतरलं. दोन कॅज्युअल्टी, हवालदार सावळे आणि नाईक गिरासे. दोघं एकाच दोरावर, बर्फातली वाट तपासायला पुढे गेले होते. गिरासे भेगेत कोसळला. सावळेंनी आइस ॲक्स बर्फात रोवली, तिच्यावर अंग टाकलं आणि दोर धरून ठेवला. मागची पार्टी पोचायला सव्वातीन तास लागले. गिरासे जिवंत वर आला, उजवा पाय गोठलेला. उंचीवरच्या त्या ताणाने सावळेंच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. मी त्यांचा हात धरून रात्रभर आणि सकाळभर प्रार्थना केली. शुक्रवारी ११२० वाजता ते गेले. रजिस्टरमध्ये वेळ मी लिहिली.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. तोंड उघडलं की वाटायचं, पलीकडे कुणी नाही. किंवा आहे, पण मला ओळखत नाही. ओळखत का नाही, याचा शोध घेत मी थेट टाचेपाशी पोचले. बाप्तिस्माच अपुरा, मग प्रार्थना पोचणार कशी? ड्रिलमध्ये टाच चुकली तर शिक्षा होते, तसंच हे.

गिरासे सारंगखेड्याचा, माझ्याच जिल्ह्यातला. चारचौघांत मी त्याची मॅडम, कुणी नसलं की ताई. सोमवारी त्याचं ऑपरेशन होतं. पाय राहील की जाईल, ते टेबलावरच ठरणार होतं. शनिवारी त्याने मला थांबवलं.

"ताई, सोमवारे मन्हासंगे या. साहेबसाठे म्हनेल ती प्रार्थना मन्हासाठे बी म्हना."

मी म्हटलं, माझी प्रार्थना पोचत नाही, दुसरी सिस्टर येईल. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून रविवारी नाला. दोन्ही टाचा आधी दगडाखाली अडकवल्या, मग स्वतःच्या हाताने डोकं दाबलं. या खेपेला सगळं पाण्याखाली गेलं, कामगिरी चोख. फक्त मग उठता येईना. पाणी भरायला आलेल्या टँकरच्या ड्रायव्हरने कॉलर धरून बाहेर ओढलं. हॉस्पिटलात टेम्परेचर निघालं चौतीस सेल्सिअस.

आमच्या मेट्रन केरळच्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांनी मला चार ब्लँकेटांत गुंडाळलं आणि विचारलं, "लेफ्टनंट वसावे, ये स्विमिंग परेड किसने ऑर्डर किया?" लेखी जबाब मागितला आणि वॉर्डाशेजारच्या ड्यूटी रूममध्ये बुखारीजवळ झोपवलं. दार उघडं, समोर गिरासेचा बेड. आता आतून काही वाजेल, बाप्तिस्मा पुरा झाल्याची खात्री पटेल, याची वाट बघत मी पडले. वाजत होते ते फक्त दात.

गिरासे हसला. गुरुवारपासून पहिल्यांदाच. हसता हसता कारण विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. टाच सांगितली, आतेबहीण सांगितली. शेवटी म्हणाले, देवाला मीच घट्ट धरलेलं नाही, म्हणून सावळे साहेब गेले. त्याचं हसू थांबलं. मग बोलला.

सोमवारी ०९०० वाजता मी ऑपरेशन थिएटरात त्याच्या डोक्याशी उभी होते. प्रार्थना मोठ्याने केली. भूल देणाऱ्या मेजरनी विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, नवापूरची, सर. दोन बोटं गेली, पाय राहिला. जेवणाच्या वेळी मी पाच पोळ्या खाल्ल्या आणि मेसच्या कुकने माझं अभिनंदन केलं.

शंका अजूनही येतात. आल्या की मी चहा टाकते, नदीवर जात नाही. दर ऑक्टोबरात आमच्या चर्चमध्ये हवालदार सावळेंच्या नावाने मी आभाराची प्रार्थना मागते. नवे पाळक विचारतात, तुमचे कोण? सव्वातीन तासांचा तो हिशोब सांगायला मला जमत नाही, म्हणून त्या रविवारी गिरासे जे बोलला तेच सांगते:

"ताई, मी खाले बेसुध व्हतू. मन्हा हातमा दोर नव्हताच. दोर साहेबना हातमा व्हता, म्हनीसन मी आठे जित्ता शे."