दाखलेबाईंचं एकमत

आमच्या ताईला गावात कोणी नावाने ओळखत नाही. ती दाखलेबाई. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून तिने अर्ध्या गावाला शाळा सोडल्याचे दाखले लिहून दिले. त्यामुळे रस्त्यात भेटणारा प्रत्येक ढेरपोट्या गृहस्थ तिला आदराने वाट देतो, कारण आपली खरी जन्मतारीख आणि गणिताचे खरे गुण या बाईला पाठ आहेत हे तो जाणून असतो. मी तिचा धाकटा भाऊ. बाजारपेठेत माझं चपला-बुटांचं दुकान आहे. मीही तिला घाबरतो, पण माझी कारणं वेगळी आहेत.

ताईचं एक खूळ आधी सांगून टाकतो. रजिस्टरमध्ये चूक झाली तर ती गिरवत नाही, खरवडत नाही, पांढरा रंग फासत नाही. पट्टी लावून एक सरळ रेघ, वर बरोबर मजकूर, शेजारी छोटी सही. रेघेखालची चूक वाचता आलीच पाहिजे, हा तिचा नियम. घरच्या सामानाच्या यादीतून साबण कमी केला, तरी बाईसाहेब शेजारी सही करतात. लग्नाचं विचारायला आलेल्या दोघांच्या पत्रातही तिने म्हणे अशाच रेघा मारून पत्रं परत केली.

तर दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वरच्या मजल्यावर नववीच्या वर्गात छताचा एक मोठा तुकडा खाली आला. सुट्टी होती म्हणून बाकांवर निभावलं. इंजिनिअर आला, हातोडीने चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि लिहून गेला की पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर मजल्याला कुलूप. वरच्या मजल्यावर आठवी, नववी, दहावी. एकशे त्रेचाळीस पोरं. पुढची शाळा बसने दोन तासांवर. मुलांच्या बापांनी "बघू काहीतरी" म्हटलं. मुलींच्या बापांनी तेवढंही म्हटलं नाही.

नगरपालिकेकडे पैसे नव्हते. असणार कुठून? घरपट्टीची आकारणी सव्वीस वर्षांपूर्वीची. आमच्या वखारवाल्याचा तीन मजली बंगला सरकारी कागदावर अजून "पत्र्याची शेड, एक" होता. ताई नगराध्यक्षांना भेटली. ते म्हणाले, "बाई, कर वाढवला तर लोक मला घरी बसवतील. पण सगळं गाव एकमुखाने मागत असेल, तर मी उद्या ठराव करतो."

कोणीही शहाणा माणूस याला नकार समजून घरी आला असता. ताईने त्याला सूचना समजून नवी वही घेतली. वहीच्या पहिल्या पानावर तिने निवेदन लिहिलं: घरपट्टीची नव्याने आणि न्याय्य आकारणी करावी, जुन्या सगळ्या सवलती रद्द कराव्यात, वाढीव उत्पन्न शाळेला द्यावं. आणि ऑफिस सुटल्यावर रोज सहा ते आठ ती दारोदार फिरू लागली. सहा महिने. गाव करी ते राव न करी, यावर तिचा तेव्हा विश्वास होता.

पहिली सही मागायला ती माझ्याकडे आली. मी शिक्षणाविषयी पाच मिनिटं इतकं सुंदर बोललो की दुकानातल्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. माझी स्वतःची मुलगी बाहेरगावच्या महागड्या शाळेत जाते, त्यामुळे मला गावातल्या शाळेबद्दल निर्मळ मनाने बोलता येतं. मग मी म्हटलं, "ताई, सही करतो. फक्त खाली एक बारीकशी अट लिही. दहा वर्षांपेक्षा जुनी दुकानं वगळावीत."

"तुझं दुकान किती वर्षांचं?"

"अकरा."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं. म्हणाली, "आधी सगळ्यांना आत तर घेऊ. मग मनं मोठी होतील."

मनं मोठी झाली नाहीत, यादी झाली. माझी अट पहिली, मग दुसऱ्याला वाटलं आपण काय घोडं मारलंय. वखारवाल्याने लाकूड वापरलेली घरं आणि दुकानं वगळायला लावली. लाकडी दार नसलेलं घर गावात एकही नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दातांच्या डॉक्टरने आरोग्यसेवेच्या जागा वगळल्या आणि त्यात आपलं राहतं घरही बसवलं, कारण तो घरीही दात घासतो. रस्त्यालगतच्या घरांना धुळीचा त्रास म्हणून सूट. आतल्या गल्लीतल्यांना रस्ताच नाही म्हणून सूट. तळमजल्यावर पाणी शिरतं म्हणून, आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून. निवृत्त पोस्टमास्तर तेवढे भले गृहस्थ. त्यांनी पेन्शनवाल्यांची सूट मागितली आणि जाताजाता, ताईच्या नकळत, "एकट्या स्त्रीचं राहतं घर" अशीही एक अट शेवटी घालून ठेवली. एकूण अटी एक्केचाळीस. एकूण सह्या दोन हजार एकशे सहा. न सही केलेला माणूस गावात उरला नाही.

सभा झाली तेव्हा काय ते दृश्य! एरवी एकमेकांच्या दुकानासमोर कचरा लोटणारे लोक एका ओळीत बसले होते. ठराव एकमताने मंजूर. नगराध्यक्षांनी डोळे पुसले, वखारवाल्याने "विद्यादान" हा शब्द सात वेळा उच्चारला, आणि सगळ्यांनी उभं राहून ताईसाठी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी. ताई त्या दिवशी खूप आनंदात होती. घरी येताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "माणसं वाईट नसतात गं. विचारावं लागतं."

महिनाभराने कर विभागाने ठरावाप्रमाणे नवी यादी केली. एकेक अट लावत गेले, एकेक इमारत गळत गेली. शेवटी कर भरायला पात्र अशी गावात एकच इमारत उरली. शाळा.

जुन्या सवलतींत शाळेला सूट होती, ती निवेदनातल्या पहिल्याच वाक्याने रद्द झाली. नव्या अटींत शाळेसाठी कोणी मागितलंच नव्हतं, कारण शाळेला घर, दुकान किंवा दात यांपैकी काहीच नव्हतं. आणि ताईने? तिला वाटलं, आपणच आपल्या ऑफिसासाठी अट घालणं बरं दिसत नाही. शाळेच्या दुरुस्तीसाठी शाळेनेच कर भरावा, न भरल्यास दंड, अशी नोटीस आली. ताईने ती स्वतःच्या हाताने स्वीकारली, आवक क्रमांक घातला आणि शिपायाला पोच दिली. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण मी तोपर्यंत फक्त ऐकली होती.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे जेवायला होती. नोटीस वाचून दाखवताना ती हसली, आम्हीही हसलो. मग तिने ताट बाजूला सरकवलं. मला तिची दया आली. दया यायला घरपट्टी भरावी लागत नाही, म्हणून ती मला भरपूर येते.

दुसऱ्या दिवशी ती कर अधिकाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "अटी लोकांनी मागितल्यात, आम्ही कशा काढणार? ज्याने जी मागितली, त्याने ती आपल्या हाताने खोडली तर काढू. हरकतींची मुदत एक महिना." ताईने निवेदनाच्या प्रती काढल्या, लाल पेन घेतलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून शेवटची अट, एकट्या स्त्रीच्या घराची, स्वतः खोडली. एक सरळ रेघ, शेजारी सही. पोस्टमास्तरांनी तीच रेघ बघून आपली अट खोडली. आणि तिथे गाडं अडलं.

कारण पुढे जिथे जावं तिथे एकच उत्तर. वखारवाला म्हणाला, "खोडतो की! पण पहिली अट तुमच्या भावाची आहे. त्याने खोडली की आम्ही आहोतच." डॉक्टर म्हणाला, "क्रमाने जाऊया, बाई. एक नंबर आधी." सगळं गाव पुन्हा एकदा एकमुखाने बोलत होतं, आणि बोट माझ्याकडे होतं.

मी काय केलं? मी तीन आठवडे ताईला सापडलो नाही. फोन आला की दुकानात गर्दी असायची, घरी आली की मी माल आणायला गेलेलो असायचो. माझ्या बायकोने एकदा मला तोंडावर सांगितलं, "मी आता खोटं बोलणार नाही. तुमची बहीण आहे, तुम्ही बोला." मुदतीचे दोन दिवस उरले.

त्या दिवशी भर दुपारी ताई दुकानात आली आणि बूट घालून बघायच्या स्टुलावर बसली. पिशवीतून तिने निवेदनाची एक प्रत आणि कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला.

"एकशे त्रेचाळीस आहेत," ती म्हणाली. "वरच्या मजल्याला कुलूप लागलं की हे मला भरायचेत. शाळा सोडण्याचं कारण, असा एक रकाना असतो. तिथे काय लिहू, ते विचारायला आले."

मी म्हटलं, "सगळं माझ्यावरच का? चाळीस लोक आहेत!"

"त्या चाळीस जणांनी तुझं बघूनच लिहून घेतलं. मीच लिहिलं. चूक माझीपण आहे."

ओरडली असती तर मी भांडलो असतो. मला भांडता छान येतं. पण ती गठ्ठ्यातले दाखले सारखे करू लागली, आणि मला स्वतःची अतिशय लाज वाटली. मी तिच्या हातातलं लाल पेन ओढलं, पहिल्या अटीवर खालीवर, आडवंतिडवं असं खसाखसा गिरवलं, की एक अक्षरही दिसेना. "घे. झालं समाधान?"

तिने कागद उचलून उजेडात धरला. मग घडी घालून पिशवीत टाकला आणि दुसरी प्रत माझ्यासमोर ठेवली. वर पट्टी.

"हे काय?"

"गिचमिड नको. एक सरळ रेघ मार. खाली काय लिहिलं होतं, ते वाचता आलं पाहिजे. आता हा कागद घेऊन मला वखारवाल्याकडे जायचंय. त्याने वाचायला हवं."

मी पट्टी धरली आणि रेघ मारली. शेजारी सही केली. रेघेखाली तिच्याच वळणदार अक्षरात माझी अट स्पष्ट दिसत होती, दहा वर्षांपेक्षा जुन्या दुकानांसकट.

"आणि ऊठ," पिशवी खांद्याला लावत ताई म्हणाली. "वखारीत तू वाचून दाखवणार आहेस."