सप्लाय काढल्यावरचा दिवा

नव्वदच्या दशकात मी सिल्वासाजवळच्या खडोलीच्या एका सूत कारखान्यासाठी आठ दिव्यांचं पॅनेल बनवलं. प्रत्येक मशीनला एक एलईडी. मशीनची सूत गुंडाळणारी चाती फिरली की सेन्सरमुळे तो लुकलुकायचा, थांबली की स्थिर पेटलेला राहायचा. करंट मी जपून धरला होता. पाच व्होल्टमधून एलईडीचे दोन गेले, उरले तीन. हजार ओहमचा रेझिस्टर लावला की दिव्यामागे तीन मिलीअँपिअर. आठही एकदम लागले तरी मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे पॅनेल चालवणाऱ्या चिपला, धोका नव्हता.

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी मी आणि धुळ्याचे वायरमनभाऊ शेडबाहेरच्या खोलीत पॅनेल बसवायला गेलो. कारखान्यात सामसूम होती. जोडण्या तपासायला मी पॅनेलचा सप्लाय काढला. सगळे दिवे विझले, पाचवा सोडून. तो अगदी मंद लुकलुकत होता.

"मॅडम, सप्लाय तं काढेल आहे ना?" भाऊंनी विचारलं.

मी मीटर लावला. सेन्सरचा सप्लाय वेगळा होता आणि तो चालूच होता. तिथला करंट पिनमधून चिपमध्ये शिरत होता. या वाटेचा हिशेब मी केलाच नव्हता.

"सेन्सरमुळे पेटतोय, भाऊ. घाबरू नका."

"पेटतो ते समजलं. पण लुकलुकतो काहून?"

आम्ही कुलूप काढून शेडमध्ये गेलो. मशीनांचा मेन स्विच खाली होता, पंखे बंद, वाऱ्याची झुळूकही नाही. पाचव्या मशीनची चाती संथपणे फिरत होती. तिच्यावर सूत नव्हतं.

भाऊंनी तळहात टेकवून ती थांबवली. हात काढला, तरी ती थांबूनच राहिली. ते हात पँटला पुसत राहिले.

परत आलो तेव्हा दिवा स्थिर होता. मी खुर्ची ओढून बसले, तोच तो पुन्हा लुकलुकू लागला.

"आता मी नाही जाणार," भाऊ म्हणाले. मीही उठले नाही.

मी सेन्सरकडून चिपकडे येणाऱ्या प्रत्येक पिनच्या वाटेत दहा हजार ओहमचा रेझिस्टर टाकला. आता अर्धा मिलीअँपिअरही आत जाणार नव्हता. पाचवा दिवा विझला. काम चोख झालं, मालक खूश झाले.

पुढे सिल्वासात होते तोवर मी देखभालीला तिथे जात असे. सप्लाय काढला की आठही दिवे काळे. शेडमध्ये तेव्हा काय फिरत असेल, हे कळायची सोय मीच बंद केली होती.