गाल टेकायची जागा

कासारवाडीला स्टेशनामागे एक निवृत्त हवालदार राहत. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या तीन जुन्या रायफली त्यांच्याकडे होत्या. दर रविवारी सकाळी त्यांतली एक खांद्यावर टाकून ते पवनेकाठी जात आणि मातीच्या बांधावर फुटकी मडकी मांडून नेम धरत. मी कारखान्यातला कारकून. सुटीचा दिवस म्हणून सोबत जाई. मडकं उडालं की ते रायफलीलाच म्हणत, "शाब्बास, म्हातारे!" नेम चुकला तर, "माजाच हात हालला." रायफल मात्र त्यांनी मला कधी हातात दिली नाही.

एकदा माझी थोरली बहीण आमच्याबरोबर आली. तिचे यजमान लढाईवर गेले ते परतले नाहीत. घरी नुसती तार आली होती. तिनं हवालदारांना विचारलं, "यांची अशीच होती का हो?"

ती रायफल त्या लढाईच्याही आधीच्या महायुद्धातली होती, हे मला ठाऊक होतं. हवालदार म्हणाले, "व्हय ताई, अश्शीच." त्यांनी काडतूस काढलं, नळी दोनदा तपासली आणि रायफल तिच्या मांडीवर ठेवली.

"केवढी जड!" ताई म्हणाली. "ही घेऊन चालायचे?"

"सवय हुती त्यास्नी. गाल हितं टेकायचा, बगा."

ताईनं त्या गुळगुळीत लाकडावर गाल टेकला आणि डोळे मिटले. हवालदार उठले, माझा दंड धरून मला बांधापलीकडे घेऊन गेले आणि नदीकडे तोंड करून म्हणाले, "बसू द्या त्यास्नी. आपल्याला काय घाई हाय?"