अरेस्टरचं उद्घाटन

वाशीमला आमच्या इमारतीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे. खाली दुकानं, वर घरं आणि मागच्या अंगणात जाळीच्या कुंपणाआड तो घूंऽऽ करत उभा. शेजारच्या कॉम्प्लेक्सचा ट्रान्सफॉर्मर वीज पडून जळाला, तेव्हा आमची कमिटी जागी झाली. तारेवरून आलेला विजेचा जादा दाब आत शिरण्याआधीच जमिनीत सोडून देणारे अरेस्टर बसवायचं ठरलं.

आमचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी. माणूस उमदा, पण फीत कापल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटतच नाही. अरेस्टर बसले, त्यांची लोखंडी पट्टी अंगणातून नेऊन वीज जमिनीत मुरवणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडली, आणि अध्यक्षांनी एका पुढाऱ्याला बोलावलं. मांडव पडला, लाल गालिचा अंथरला गेला. पुढाऱ्यांनी भाषणभर अरेस्टरला ‘इन्व्हर्टर’ म्हटलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर जिलेबी होती.

वैशाखात वळीव आला. भर दुपारी वीज कडाडली, मागं धडाम झालं आणि जळक्या तेलाचा वास जिन्यातून वर चढला. कूलर थांबले. एरवी एकमेकांना ओळख न देणारी माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत व्हरांड्यात आली आणि ट्रान्सफॉर्मर कशानं गेला हे एकमेकांना समजावून सांगू लागली.

संध्याकाळी गच्चीवर बैठक झाली. कुणी तिसऱ्या मजल्यावरच्या एसीला दोष दिला, कुणी वास्तूला. एकानं तर पुढाऱ्यांचा हातच अपशकुनी ठरवला. तेवढ्यात माझी बायको म्हणाली, “पण थे खालची पट्टी तुटेल काहून हाये? मी आताच पाहून आली.”

अध्यक्ष हळूच उठले.

“मीच कापाले लावली. गालिचा सपाट बसून नाई राह्यला होता. पाहुण्याचा पाय अडकला असता तं? मंग जोडाची राहून गेली.”

आमचा सगळा राग तोंडाशी येऊन अडला. शेवटी निवृत्त मुख्याध्यापक कळवळून म्हणाले, “काहून सांगतलं तुमी? वास्तूवर फुटलं होतं ना सारं खापर!”

“नसतं सांगतलं तं नवाही जळला असता,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी राजीनामा दिला.

मग नवा अध्यक्ष शोधणं आलं. मुख्याध्यापकांचं बीपी वाढलं, एकाच्या मुलीचं लग्न निघालं, मला अचानक केनवड गावातल्या माझ्या शेतीची आठवण झाली. अर्ध्या तासात राजीनामा दिलेले अध्यक्षच पुन्हा एकमतानं निवडून आले. अट एकच: उद्घाटन नाही.

नवा ट्रान्सफॉर्मर बसला. पट्टी जोडताना अध्यक्ष उन्हात उभे राहिले. अर्थिंगची माती ओली लागते हे कळल्यापासून रोज सकाळी स्वतः बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओततात. “निदान एक नारळ तं फोडू द्या,” असं एकदा अगदी पडेल आवाजात म्हणाले. आम्ही फोडू दिला, पण रस्त्याच्या बाजूला.

पुढच्या वादळात तशीच वीज पडली. दिवे एकदा मिचकावले आणि पुन्हा लागले. आम्ही धावत खाली गेलो. अध्यक्ष बनियनवर, भिजत, कुंपणाबाहेर उभे होते. आतून घूंऽऽ चालूच होतं.

“गेली जमिनीत,” ते म्हणाले. या वेळी टाळ्या वाजवायचं मात्र आम्हा कुणालाच सुचलं नाही.