पितळी झडप आणि चाळीचा चहा

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सरकारनं आमच्या चाळीला शेण पाजलं, असं परळमधली आमची अख्खी गल्ली एक सकाळभर मानत होती. पाजलं होतं मी.

मी गिरणीत फिटर, मूळचा कोकणातला. माती दिसली की हात शिवशिवतात. चाळीमागच्या पट्ट्यात मी अळू आणि दोडके लावले होते. सामाईक नळाच्या पाइपाला रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक शेणपाण्याच्या पिंपात सोडलं होतं (खत आयतंच पातळ होतं). नळ गेल्यावर रिकामा पाइप ते पाणी उलटं ओढणार, हे फिटरला कळतं. म्हणून मध्ये पितळी झडप बसवली होती: पाणी पुढे जाईल, मागे येणार नाही.

माझी बायको सुमती सारखी म्हणायची, ती झडप एकदा उघडून बघा, कचरा अडकला असेल. मी भडकायचो. बॉयलरवरच्या झडपा सांभाळणाऱ्याला तू शिकवणार का, असं विचारून सभेला निघून जायचो.

हरताळाच्या सकाळी नळाला पिवळट पाणी आलं. अंधाऱ्या खोल्यांतून ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि अर्ध्या चाळीचा चहा पिऊन झाला. (आलं जास्त पडलंय, असं शेजारचे दाजी बराच वेळ म्हणत होते.) मग वास ओळखला गेला आणि चाळ पेटली. सगळ्यांत जास्त मी पेटलो. ओट्यावर चढून गरजलो की मुंबई मागणाऱ्यांच्या नळात हे सरकार शेण सोडतंय, राजीनामा द्या! टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा. त्या भरात मी बादली उचलली आणि त्या दिवशीच्या मोठ्या मोर्चाआधीच एक मोर्चा पाणीखात्याच्या चौकीवर नेला.

तिथल्या साहेबाच्या नाकाखाली मी बादली धरली. तो नळ तपासायला आमच्याबरोबर आला. शेजारच्या चाळींचं पाणी स्वच्छ निघालं. तेव्हा तरी मला घाम फुटायला हवा होता. मी उलट ओरडलो, बघा, कटसुद्धा नेमका आमच्याच चाळीविरुद्ध!

तेवढ्यात गर्दी सारत सुमती आली. एका हातात माझाच पाना, दुसऱ्या हातात खोललेली झडप. आत गवताची काडी अडकून ती सताड उघडी राहिली होती.

"शेण खाल्लंत तुम्ही," ती म्हणाली, "आणि पाजलंत सगळ्यांना. आता बोला, राजीनामा कोणी द्यायचा?"

साहेब खाली बघून हसला. दाजींनी मला एवढंच विचारलं, "तू चाय घेतलंस काय रे सकाळी?"

मी घेतला नव्हता. भाषणाच्या गडबडीत राहून गेला होता. त्यानंतर चाळ मला जे बोलली, ते सरकारलाही कधी बोलली नसेल.

पुढे मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. लोकांनी माझ्या हातचा पेढा घेतला, आधी हुंगला, आणि मगच तोंडात टाकला.