गच्चीवर आखलेला ट्रेलर

एप्रिल लागला की जुळे सोलापुरातला आमचा रस्ता दुपारी ओस पडतो. कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडतात. खिडकीला ओला पडदा, कूलरची घरघर आणि मी फरशीवर आडवी. धड झोप लागत नाही, धड जागही राहत नाही. अशा वेळी मी एका लहानशा खोलीत जाऊन राहते. तिला चाकं आहेत. दारातून वाळू दिसते, वाळूपलीकडे पाणी, आणि ओट्यावर माझा चहा उकळत असतो. तिथे मला कुणीही ‘किती दिवस आहेस?’ असं विचारत नाही.

माझं माहेर मालवणच्या अलीकडचं एक गाव. नोकरीत बदली होऊन सोलापूरला आले, ऑफिसातल्याच एकाशी लग्न केलं आणि इथलीच झाले. गावी दादा होता तोवर जाणं-येणं होतं. पुढे वहिनी गेली, त्याला एकट्याला घर झेपेना. मुलगा त्याला नाशिकला घेऊन गेला आणि घर विकलं गेलं. ते दादाच्या नावावर होतं, त्यामुळे मला विचारायचं कारणच नव्हतं. कळवलं, तेवढंच. त्यानंतर आम्ही एकदा गेलो ते लॉजवर उतरलो. स्वतःच्या गावात काउंटरवर आधारकार्ड दाखवून मी खोलीची किल्ली घेतली, आणि खोलीत शिरल्याबरोबर मला रडूच फुटलं. आमचे हे घाबरले.

“रडू नको की,” हे म्हणाले. “पुढच्या बारीला आपली खोलीच गाडीमागं बांधून आणू.”

ते समजूत घालायला बोलले. मी मात्र ते शब्द धरून बसले. मला पुन्हा त्या गावात पाहुणी म्हणून जायचं नव्हतं. मला तिथे माझं दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं.

हे मूळचे मंद्रूपचे. तिथे उसाच्या ट्रॉल्या बनवणारा यांच्या ओळखीचा. “लोखंडात करून घेऊ, जन्माचं काम,” म्हणत मला तिकडे घेऊन गेले. आता यांना कसं सांगावं? सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड म्हातारंच होत नाही. यांच्या रानातली ट्रॉली हे शाळेत होते तेव्हापासून बांधावर उभी आहे आणि अजून ऊस वाहते. आमच्या गावी खिडकीचे गज हातात सोलून यायचे. शिवणाच्या डब्यातल्या सुया एकमेकींना चिकटून बसायच्या. वडील दर दिवाळीला कडी-कोयंड्यांना खोबरेल लावायचे, तरी शिमग्यापर्यंत दार कुरकुरायला लागायचंच. खाऱ्या वाऱ्याला लोखंड फार आवडतं.

“लई दणकट होतंय बगा, बाई,” ट्रॉलीवाला म्हणाला. “ऊस भरला तरी वाकायचं न्हाय.”

“मला त्यात ऊस नाही भरायचा,” मी म्हटलं.

मग आम्ही पुण्याला तयार ट्रेलर बघायला गेलो. विकणारा तरुण मला टीव्ही दाखवत होता, निळे दिवे लावून दाखवत होता. भांडं घेताना बाई आधी बूड बघते. मी पदर खोचला आणि सरळ खाली वाकले. पहिल्याच्या पोटाखाली साधा काळा रंग फासला होता, जोडावर नख मारलं तर पोपडा निघाला. दुसऱ्याचं छत चार तुकड्यांचं, म्हणजे पावसाला आत यायला जोडाजोडातून वाटा. कोपऱ्यात एक बुटका, पांढरा ट्रेलर उभा होता, अंड्यासारखा. फायबरचं अंग, वर कुठेही सांधा नाही, खालच्या चौकटीला जस्ताचा जाड थर, बिजागऱ्या आणि स्क्रू स्टीलचे. हे खिशातून लोहचुंबक काढून त्याच्या अंगावर फिरवत राहिले. ते कुठेच चिकटेना, तसा यांचा चेहरा पडला.

“एवढुसा हाय,” हे म्हणाले.

लहानच हवा होता. आमची गाडी लहान, वाटेत घाट उतरायचा, आणि माणसं दोनच. पण यांना चैन पडेना. माप लिहून आणलं आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर खडूने अख्खा ट्रेलर आखला. भिंती, दार, दोन बाजूंना दोन पलंग, मध्ये ओटा आणि मागच्या कोपऱ्यात न्हाणी. त्या न्हाणीसाठी मी जीव टाकत होते. लॉजच्या न्हाणीत दुसऱ्याच्या साबणाचा वास येतो. याच ट्रेलरचा आणखी एक प्रकार होता. त्यात न्हाणीच्या जागी टेबल होतं, ते खाली पाडलं की तिसरा पलंग व्हायचा. “तिसरं कोण येणार हाय?” हे म्हणाले, आणि विषय मिटला. कोणता हवा ते सोमवारी कळवायचं होतं.

मग आम्ही तिथे राहायलाच लागलो. ऊन उतरलं की गाद्या घेऊन वर जायचं. मी चुकून रेषेवरून आत आले की हे ओरडायचे, “भिंतीतनं आलीस!” मग मी मागे फिरून दारातून यायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय आखलंय हो?” तर हे गंभीरपणे म्हणाले, “घर हाय. या की, चप्पल भायेर काढा.” आकाश जांभळं व्हायचं, तापलेल्या फरशीची ऊब पाठीत शिरायची, कुठूनतरी भाकरीचा वास यायचा. मी डोळे मिटायची. थोडा वेळ तसंच पडून राहिलं की भरती ऐकू यायची. खोटं नाही सांगत, यायची.

रविवारी मी एकटीच माझ्या पलंगावर पडले होते. हे दूध आणायला गेले होते. तेवढ्यात दादाचा फोन आला. घर विकल्यापासून आमचं बोलणं दिवाळीपुरतं उरलं होतं.

“बाय, गाडी घेतंस म्हणान कळला.”

“घेतेय.”

“खंय लावतलंस?”

“आपल्याच गावात. किनाऱ्याजवळ एकांच्या माडाच्या बागेत जागा विचारून ठेवलीय,” मी म्हटलं. आवाजात जरा ताठा आला होता. येऊ दिला.

नाशिकच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

“घर गेल्यापासून मी गावाक जावकच नाय,” तो म्हणाला. “रवतलंय खंय?”

मी उठून बसले. इतके दिवस मला वाटत होतं, घर फक्त माझंच गेलं. विकणाऱ्याचंही जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्याचा राग होता, अजूनही थोडा आहे, पण त्या क्षणी तो मला गावाच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभा दिसला, राहायला कुठे जावं ते न कळून.

“बाय,” त्याने हळूच विचारलं, “तेच्यात तिघांक जागा होतली काय गो?”

“होईल,” मी म्हटलं. “तू ये.”

फोन ठेवून मी खाली गेले, ओलं फडकं आणलं आणि न्हाणी पुसून टाकली. फरशी सुकल्यावर त्या जागी तिसरा पलंग आखला. हे दुधाची पिशवी घेऊन वर आले, दाराशी थांबले.

“न्हाणी कुटं गेली?”

“तिथे दादा झोपणार.”

यांनी नव्या रेषा बघितल्या, दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली. मग चप्पल काढून दारातून आत आले आणि म्हणाले, “झोपून बग. मावतोय का?”

मी आडवी झाले. दादा माझ्याहून चांगला वीतभर उंच आहे. त्याला पाय दुमडावे लागतील, पण झोपेल.